नव्या भिडूला नियमपुस्तक कळावं कसं? (टेबलटॉप आरपीजी)

शनिवारचा_डाव

नमस्कार मंडळी,

सहा वर्षं झाली, आमच्या घरी दर शनिवारी संध्याकाळी टेबलटॉप आरपीजीचा डाव बसतो. हा प्रकार ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग रंगवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि "मी आता असं करते" म्हणून सांगतात. जमेल की फसेल अशी शंका असेल तिथे फासे टाकायचे. १९७४ साली आलेला डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) हा यातला पहिला छापील खेळ, आता असे शेकडो आहेत.

मागच्या महिन्यात माझ्या नणंदेचा मुलगा आणि त्याची मैत्रीण पहिल्यांदा खेळायला येणार होते. भाचा अकरावीत आहे. उत्साह इतका की आठवडाभर आधीच माझ्याकडून नियमपुस्तक घेऊन गेला. (कुठल्या खेळाचं ते लिहीत नाही, कारण मुद्दा त्या एका पुस्तकाचा नाही.) गुरुवारी रात्री त्याचा फोन: "मामी, चाळीस पानं वाचून झाली. पण मी तिथे बसून नक्की करायचं काय असतं?"

हा प्रश्न ऐकून मला फार वाईट वाटलं. पोरगं हुशार आहे, वाचणारं आहे. चाळीस पानांत त्याला एल्फ नावाच्या काल्पनिक जमातीचे लोक किती वर्षं जगतात ते कळलं होतं, तांब्याची किती नाणी म्हणजे चांदीचं एक तेही पाठ झालं होतं. आपली पाळी आली की फक्त "मी काय करतो" एवढं बोलायचं असतं, ही एक ओळ त्याला कुठे सापडली नव्हती. ती पुस्तकात होती, मी नंतर शोधली. १७० व्या पानाच्या पुढे.

शनिवारी दुसरी अडचण आली. पात्राच्या कागदावर ताकदीच्या चौकोनात मोठ्ठे १६ आणि त्याखाली बारीक गोलात +३. दार ढकलायचं होतं. त्याने वीस बाजूंचा फासा टाकला, ११ पडले, आणि तो ओरडला, "सत्तावीस!" चूक त्याची नव्हती. कागदावर जो आकडा मोठा, तोच कामाचा असणार असं कुणालाही वाटेल. मी म्हटलं, अरे सोळा नाही मिळवायचे, तीन मिळवायचे, चौदा झाले. त्यावर तो म्हणाला, "मग हे सोळा कशाला लिहिलेत?" मला पटकन उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. ही पुस्तकं दोन कामं एकदम करू पाहतात: नव्याला शिकवायचं आणि जुन्याला हवं ते शोधून द्यायचं. दुसरं काम त्यांना छान जमतं. पहिल्यासाठी मात्र क्रमच उलटा लागतो. मी मराठीत आठ पानांची एक पुस्तिका करायला घेतली आहे, जिच्यावर अजिबात अनुभव नसलेली चार माणसं पहिले दोन तास खेळू शकतील. तुम्ही कसे शिकलात, कसं शिकवता, कुठे अडलात ते सविस्तर लिहा. मला खरंच हवंय.

जुना_फासेकरी

वाचनखूण साठवली. या विषयावर मराठीत कुणी बोलेल असं वाटलं नव्हतं.

मी न्यू जर्सीत वाढलो. १९८४, वय अकरा, शाळेत नवा, इंग्रजी जेमतेम. वाढदिवसाला डी अँड डीचं लाल खोकं मिळालं, फ्रँक मेंट्झर यांनी १९८३ साली बेतलेलं. शिकवायला कुणी म्हणजे कुणी नव्हतं. खोक्यात दोन पुस्तिका आणि फासे. फाशांवरचे आकडे नुसते कोरलेले, रंग आपण भरायचा, त्यासाठी खडू सोबत दिलेला. एका पुस्तिकेच्या मुखपृष्ठावरच लिहिलं होतं की आधी हे वाचा.

उघडलं तर नियम नाहीत, गोष्ट. तू एक योद्धा आहेस, गावाबाहेरच्या गुहेत निघाला आहेस. वाटेत साप आडवा येतो, झटापट होते, आणि तेवढ्यातच हिट पॉइंट (पात्राचा किती जीव उरला ते मोजणारा आकडा) म्हणजे काय ते सांगून होतं, दोन ओळींत. पुढे अलीना नावाची पुरोहित भेटते, जखम बरी करते, तेव्हा पुरोहित या खेळात काय करू शकतात ते कळतं. मग बार्गल नावाचा दुष्ट जादूगार येतो आणि अलीना मरते. मी रडलो होतो. पण त्यानंतर हिट पॉइंट काय असतात हे मला आयुष्यात कुणी समजावावं लागलं नाही. पाठोपाठ दुसरी एकट्याने खेळायची मोहीम, त्यात कुठे वळायचं ते आपण ठरवायचं. चार माणसं जमवायचे नियम येईपर्यंत मी दोनदा खेळून मोकळा झालो होतो.

हे एका दिवसात घडलं नाही. १९७४ च्या खोक्यात तीन लहान पुस्तिका होत्या, पहिली आवृत्ती हजार प्रतींची. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी त्या आपल्यासारख्याच युद्धखेळ खेळणाऱ्यांसाठी लिहिल्या होत्या. लढाईसाठी १९७१ चं एक दुसरं नियमपुस्तक तुमच्याकडे आहे असं धरलं होतं, रानातल्या प्रवासासाठी तर दुसऱ्याच कंपनीच्या खेळाचा पट वापरा म्हणून सुचवलं होतं. ज्याच्याकडे हे नाही त्याने काय समजायचं? १९७७ साली जे. एरिक होम्स यांनी पहिला नवशिक्यांचा संच संपादित केला. ते पेशाने मेंदूविज्ञानाचे डॉक्टर आणि प्राध्यापक. त्यांनी फक्त पात्राच्या प्रगतीच्या पहिल्या तीन टप्प्यांपुरतंच, म्हणजे तीन लेव्हलपुरतंच पुस्तक ठेवलं. १९८१ मध्ये टॉम मोल्डवे यांनी तेच ६४ पानांत नव्याने मांडलं. आणि १९८३ मध्ये मेंट्झर. नियमांच्या आधी गोष्ट यायला नऊ वर्षं लागली.

भाच्याच्या सोळाबद्दल: जुन्या खेळात तीन साधे फासे टाकून बेरीज घ्यायचे, म्हणून आकडा ३ ते १८ मधला. त्या आकड्याखाली दान टाकून दाखव, असं बरेच सूत्रधार करायचे, तेव्हा सोळालाच अर्थ होता. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून दहा वजा करून निम्मे करायचे आणि तेच दानात मिळवायचे असं सगळीकडे एकसारखं झालं. सोळा मात्र कागदावर राहिला. घर बदललं तरी जुन्या पत्त्यावर टपाल येत राहतं तसं.

नियमभक्त

धागा चांगला आहे, तरी विरोधी मत नोंदवतो.

मला जाड नियमपुस्तकं मनापासून आवडतात. पाथफाइंडर या आरपीजीच्या दुसऱ्या आवृत्तीचं २०१९ चं मूळ पुस्तक ६४० पानांचं आहे आणि मी ते रात्री झोपताना वाचतो. सगळं लिहून ठेवलेलं असलं की खेळाडूला सूत्रधाराच्या लहरीवर राहावं लागत नाही. "नियम असा आहे" म्हणून एखादी लाजरी नवी मुलगीसुद्धा ठामपणे बोलू शकते. सोप्या पुस्तिकेत ही सोय जाते आणि जो मोठ्याने बोलतो त्याचं चालतं. हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

नव्या माणसाने पुस्तक वाचावं असं मी कधीच म्हणत नाही. त्याला मित्राने शिकवावं. पत्ते कोण पुस्तकातून शिकलं?

कोरा_कागद

नियमभक्त, ज्याला असा मित्र नाही त्याने काय करायचं?

मी चंद्रपूरला असते. एका मालिकेत हा खेळ पाहिला आणि आम्ही तिघी मैत्रिणींनी नेटवरून फुकटचे नियम उतरवून घेतले. आमच्यातल्या कुणीच कधी खेळलेलं नाही. मला जे झालं ते लिहिते, कदाचित पुस्तिकेला उपयोग होईल.

वीस बाजूंचा फासा इथे मिळेना. मग १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या करून स्टीलच्या वाटीत टाकल्या. डोळे मिटून एक काढायची. दोन तास खेळलो आणि खेळ हळूहळू मरगळला, काहीच जमेना, प्रत्येक वार हुकायला लागला. आठवड्याने लक्षात आलं की आम्ही काढलेली चिठ्ठी बाजूला ठेवत होतो, हाऊजीसारखी. चांगल्या चिठ्ठ्या सुरुवातीलाच निघून गेल्या होत्या. फासा हातात असता तर हा प्रश्नच आला नसता, पण नव्या माणसाच्या हातात काय असेल आणि काय नसेल हे पुस्तक लिहिणाऱ्याने आधी विचारात घ्यायला हवं ना?

दुसरी अडचण "लेव्हल" या शब्दाची. माझी जादूगार पाचव्या लेव्हलची, म्हणजे तिला पाचव्या लेव्हलचे मंत्र येणार असं मी धरून चालले. तिला तिसऱ्यापर्यंतचेच येतात. आणि तळघराचीही लेव्हल असते!

शाळामास्तर_सांगली

कोरा_कागद, तुमची तक्रार अगदी रास्त आहे आणि ती जुनीही आहे. १९७८ च्या खेळाडू-पुस्तकात गायगॅक्स यांनी स्वतःच खुलासा केला आहे की पात्राची रँक, मंत्राची पॉवर, राक्षसाची ऑर्डर असे वेगवेगळे शब्द वापरायचा विचार होता. पण लेव्हल हाच शब्द तोवर रुळला होता, म्हणून तोच ठेवला. इंग्रजीत जी संधी गेली ती आपल्याला मराठीत अजून आहे. पात्राची "पायरी", मंत्राची "इयत्ता", तळघराचा "मजला". इयत्ता कुणालाच समजावावी लागत नाही. पाचव्या पायरीच्या जादूगाराला तिसऱ्या इयत्तेपर्यंतचे मंत्र येतात, हे वाक्य वाचून कुणी गोंधळेल असं मला वाटत नाही.

नियमभक्त यांचा पत्त्यांचा मुद्दा मला उलट दिशेने पटतो. मेंढीकोट आपण कसं शिकतो? नवा माणूस बसला की पहिला डाव पत्ते उघडे टाकून खेळतात. "हे बघ, याने इस्पिक टाकलं, तुझ्याकडे इस्पिक आहे, मग तेच टाकावं लागतं." दुसऱ्या डावात त्याचे पत्ते त्याच्या हातात, मागे एक जण उभा. तिसऱ्यात तो एकटा. गणित शिकवतानाही आम्ही हेच करतो: आधी सगळ्या पायऱ्या सोडवून दाखवलेलं उदाहरण, मग शेवटची पायरी रिकामी, मग शेवटच्या दोन रिकाम्या. जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात यामागचं कारण मांडलं: शिकणाऱ्याचं डोकं एका वेळी थोडंच पेलतं, आणि सगळी शक्ती उत्तर शोधण्यात गेली तर पद्धत शिकायला काही उरत नाही. नियमपुस्तकातला "खेळाचा नमुना" बहुधा एकच असतो आणि तो पूर्ण सोडवलेला असतो. अर्धे सोडवलेले नमुने कुठे आहेत?

आणखी एक. लगोरीत, लपाछपीत धाकटं भावंड मागे लागलं की आपण त्याला कच्चा लिंबू घेत होतो. त्याच्यावर राज्य येत नाही, पण धावतं सगळ्यांबरोबर. खेळ तो खेळातच राहून शिकतो. मोठ्या नियमपुस्तकांत मी ही सोय शोधतो आणि मला ती सापडत नाही. पहिल्या दोन तासांत पात्र मरणार नाही, एवढं एक वाक्य पुरे आहे. शनिवारचा_डाव, तुमच्या पुस्तिकेत "कच्चा लिंबू" हे शीर्षक देऊनच एक चौकट घाला, ही विनंती.

दस्तऐवज_लेखक

मी पुण्यात सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहितो, पोटापाण्याचा धंदाच हा. त्यामुळे हा धागा वाचून राहवलं नाही.

१९८० च्या दशकात आयबीएमच्या संशोधन केंद्रात जॉन कॅरोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्यालयातली माणसं वर्ड प्रोसेसर कसा शिकतात ते शेजारी बसून पाहिलं. निरीक्षण साधं होतं. लोक पुस्तक वाचत नाहीत. सुरुवातीची ओळख, उजळणी, सारांश सगळं ओलांडून ते थेट काहीतरी करून बघायला जातात, चुकतात, आणि चुकल्यावर पुस्तकात परत येण्याची वाट त्यांना सापडत नाही. मग त्यांनी पुस्तकच लहान केलं. पहिल्या पानापासून खरं काम, आणि जागोजागी "असं झालं असेल तर असं करा". लोक त्यावरून लवकर शिकले.

मला यातला चुकांचा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण नियमपुस्तकांत तो जवळजवळ नसतोच. कोरा_कागद यांच्या वाटीचंच बघा. एक ओळ हवी होती: "चिठ्ठ्या वापरत असाल तर काढलेली चिठ्ठी दर वेळी परत टाका." तशाच आणखी: दानात बेरीज करायची विसरलात? आत्ता लक्षात आलं असेल तर मिळवा, पुढची पाळी झाली असेल तर सोडून द्या. नियम आठवत नाही? सूत्रधाराने एका मिनिटात ठरवावं, खेळ संपल्यावर शोधावं. नव्या सूत्रधाराला ही परवानगी छापील हवी असते. त्याला वाटत असतं की आपण थांबून पान शोधलं नाही तर फसवणूक होते.

क्रमाबद्दल. डी अँड डीच्या २०१४ च्या खेळाडू-पुस्तकात आधी पात्र कसं घडवायचं ते येतं आणि खेळायचं कसं ते सातव्या प्रकरणापासून. २०२४ च्या पुस्तकात पहिलंच प्रकरण खेळायचं कसं याचं, पात्र दुसऱ्यात, आणि मागे नियमांचा अकारविल्हे कोश. ३८४ पानांचं पुस्तक आहे, पण शिकायची बाजू आणि शोधायची बाजू वेगळी केली गेली. मला हा फार मोठा बदल वाटतो. २०१४ च्याच नवशिक्यांच्या संचात तर पाच तयार पात्रं, ३२ पानांचे नियम आणि ६४ पानांची मोहीम होती. पात्र घडवायचं कामच पहिल्या रात्रीतून काढून टाकलं होतं.

जुना_फासेकरी

तयार पात्रांबद्दल थोडं वेगळं मत. माझ्या मुलीला तयार पात्र दिलं तेव्हा ती दोन तास परक्यासारखी बसली होती. कॉल ऑफ क्थुलू या भयखेळाच्या नवशिक्यांच्या संचात एकट्याने वाचायची एक गोष्ट आहे, तिच्यात पात्र वाटेत घडत जातं. गोष्ट सुरू झालेली असते आणि मध्येच विचारते, तुमचं पात्र शरीराने कसं आहे? तेवढाच एक आकडा ठरवायचा आणि पुढे जायचं. तिला ते आवडलं, पात्र तिचं झालं.

रेषारंग

मी मांडणीची कामं करते. इथे सगळे पुस्तकाबद्दल बोलताहेत. नवा माणूस चार तास बघत बसतो पात्राच्या कागदाकडे. त्यामुळे शिकवणारं पान खरं म्हणजे ते.

मदरशिप नावाच्या अंतराळातल्या भयखेळाचा पात्राचा कागद जरूर बघा. पात्र घडवायच्या पायऱ्या कागदावरच बाणांनी जोडल्या आहेत. बाणामागून बोट फिरवत गेलं की पात्र तयार, पुस्तक उघडावंच लागत नाही. अपोकॅलिप्स वर्ल्ड या खेळाने २०१० मध्ये प्रत्येक प्रकारच्या पात्राला आपापली पुस्तिका दिली, तिच्यात निवडीसकट सगळं आणि नियम "तू अमुक करतोस तेव्हा फासे टाक" अशा घाटाचे. दोन साधे फासे: १० किंवा वर आलं तर काम फत्ते, ७ ते ९ आलं तर होतं पण काहीतरी मोजून, ६ किंवा खाली आलं तर सूत्रधाराची पाळी. हे कागदावरच लिहिलेलं असतं. आणि ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स या खेळाच्या पुस्तकात एकेक विषय शक्यतो समोरासमोरच्या दोन पानांत संपवलेला आहे. खेळताना पान उलटावं लागत नाही. मोल्डवे यांचेच जुने नियम, तरी नव्यासारखे वाचता येतात.

आता देवनागरीबद्दल, कारण इंग्रजी मांडणी उचलून चालणार नाही. आपल्या अक्षरांना वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, त्यामुळे ओळींत अंतर जास्त लागतं. इंग्रजीत आठ पानांत बसणारा मजकूर आपल्याकडे बसत नाही. तो दाटीवाटीने बसवू नका, कापा. बारीक आकारात ठळक अक्षरं वापरली की क्ष, ज्ञ, द्ध भरून काळे होतात. नियमातला शब्द उठून दिसावा असं वाटत असेल तर रंग किंवा चौकट वापरा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: फाशावर छापलेले आकडे इंग्रजी असतात. कागदावर आकडे देवनागरी असतील तर नव्या माणसाला दर दानाला एक उडी जास्त मारावी लागते. मजकुरात देवनागरी ठेवा, पण ज्या चौकोनातला आकडा दानात मिळवायचा तो फाशावरच्यासारखाच छापा. शनिवारचा_डाव, तुमच्या भाच्याच्या कागदावर +३ मोठा करा, त्याच्या शेजारी फाशाचं चित्र काढा आणि सोळा पुसून टाका.

शनिवारचा_डाव

किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी! मनापासून आभार. उद्या प्रयोग आहे, भाचा आणि मैत्रीण पुन्हा येताहेत, शिवाय शेजारच्या काकू. काकूंना मीच आग्रह केला.

एका गोष्टीवर अडले आहे. पुस्तिकेची सुरुवात लाल खोक्यासारखी गोष्टीने करायची ठरवली. इंग्रजीत वाचकाला "यू" म्हटलं की काम झालं. मराठीत "तू आत जातोस" की "तू आत जातेस"? दोन्ही तिरकी रेघ मारून लिहिलं तर गोष्टीचा जीवच जातो.

शाळामास्तर_सांगली

"तुम्ही" केलंत तर लिंगाचा प्रश्न सुटतो, पण अकरावीतल्या मुलाला गोष्टीत अहो-जाहो केलं की तो पाहुणा होतो. भूतकाळ आणि सकर्मक क्रियापदं वापरून बघा. "तू कंदील उचललास. तू दार ढकललंस. आतून कुजका वास आला. तू पाऊल आत टाकलंस." इथे क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, वाचणारा मुलगा असो की मुलगी. "गेलास-गेलीस" आलं की तिथे "पाऊल टाकलंस", "घाबरलास-घाबरलीस" आलं की "तुझ्या पोटात गोळा आला". थोडा सराव लागतो, पण गोष्ट उलट जिवंत होते, कारण प्रत्येक वाक्यात काहीतरी वस्तू येते.

नियमभक्त

मास्तर, हे फारच छान. मी दोनदा मोठ्याने वाचलं.

माझं मत थोडं बदललं आहे हे कबूल करतो, विशेषतः चंद्रपूरचा प्रतिसाद वाचून. लाजऱ्या खेळाडूला नियमांचा आधार हवा हे माझं म्हणणं मात्र कायम आहे. त्यावर उपाय म्हणून पुस्तिकेच्या मागच्या पानावर "सूत्रधारसुद्धा हे बदलू शकत नाही" असे चार-पाच नियम छापा: दान सगळ्यांसमोर टाकायचं, तुमच्या पात्राने काय करायचं ते फक्त तुम्ही सांगायचं, वगैरे. आणि अकारविल्हे सूची करायची झाली तर ते काम मला द्या. मला ते आवडतं.

शब्दांत एक भर: सेव्हिंग थ्रोला (संकटातून वाचायला टाकायचा फासा) "बचावाचं दान" करा. दान हा शब्द सोंगट्यांपासून आपल्याकडे आहेच. वीस पडले तर "पौबारा" म्हणायचा मोह होतोय.

रेषारंग

बचावाचं दान झकास. पौबारा नको, नव्या मुलांना तो पोबारा वाटेल आणि वीस पडल्यावर पात्र पळून जाईल!

दस्तऐवज_लेखक

अवांतर, पण उपयोगाचं: डी अँड डीचे मूलभूत नियम, म्हणजे एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत. श्रेय नीट दिलं तर भाषांतर करता येतं, बदल करता येतात, छापून वाटताही येतं. नियम तिथून घ्या. गोष्ट मात्र आपली हवी. लाल खोक्यातली गोष्ट त्या दस्तऐवजात नाही.

शनिवारचा_डाव

प्रयोगाचा वृत्तांत.

पहिलं पान मास्तरांच्या पद्धतीने लिहिलं. गडाची पायवाट, तुटका पूल, पलीकडे रखवालदार. मी वाचून दाखवलं आणि "तू दोर धरलास, पूल डुलला" इथे थांबले. पान तिथेच संपतं, खाली फाशाचं चित्र आणि एकच ओळ: "फासा टाक, +४ मिळव, १२ किंवा जास्त हवेत." बाकी काही सांगितलं नाही. काकूंनी फासा टाकला, ९ पडले, आणि त्यांनी स्वतःच "नऊ आणि चार तेरा, गेले मी पलीकडे" म्हटलं. साडेतीन मिनिटं झाली होती, मी घड्याळ लावलं होतं.

दुसरा प्रसंग अर्धा सोडवलेला ठेवला: काय मिळवायचं ते सांगितलं, किती हवेत ते सांगितलं, पण कुठलं कौशल्य लागेल ते त्यांनी कागदावर शोधायचं. भाच्याची मैत्रीण रखवालदाराशी बोलायला गेली आणि तिने "मन वळवणे" वर बोट ठेवलं. तिसऱ्यात मी फक्त प्रसंग सांगितला. तिथे लढाई झाली आणि तिथेच पुस्तिका कमी पडली. हिट पॉइंट शून्य झाले की काय होतं हे मी पाचव्या पानावर ठेवलं होतं, आणि भाच्याचे शून्य झाले तेव्हा सगळे तिसऱ्यावर होते. त्याचा चेहरा पडला. कच्च्या लिंबूची चौकट पहिल्या पानावर होती, तरी ती त्या क्षणी कुणाला आठवली नाही, मलासुद्धा नाही. आता ती पात्राच्या कागदावर, हिट पॉइंटच्या चौकोनाला चिकटूनच छापणार आहे: "शून्य झाले? आजच्या दिवस तू बेशुद्ध, मेला-मेली नाही. सोबत्याने पाणी पाजलं की १ घेऊन उठायचं." (मास्तर, "मेला-मेली" काढायचं आहे, सुचवा.)

सोळा पुसला. कुणीही विचारलं नाही.

काकू पुढच्या शनिवारी येणार म्हणाल्या, आणि रखवालदाराला घरी कोण कोण आहे ते त्यांना विचारायचं राहिलंय.

शाळामास्तर_सांगली

"आजच्या दिवस तू बेशुद्ध, जीव शाबूत."

कोरा_कागद

शनिवारचा_डाव, व्यनिमधून (व्यक्तिगत निरोपातून) पाठवलेली पानं मिळाली, कालच छापून घेतली. आम्ही तिघी बसलो होतो. चिठ्ठी परत टाकायची ओळ तुम्ही पहिल्याच पानावर घेतलीत त्याबद्दल खूप आभार. या वेळी दर दानानंतर वाटी हलवायचं काम आमच्यातल्या एकीला दिलं होतं. पूल ओलांडताना तिसऱ्याच दानाला २० निघाले, आम्ही आरडाओरडा केला, चिठ्ठी घडी घालून परत टाकली, आणि रखवालदाराशी बोलताना पुन्हा तीच निघाली. कोपऱ्याला चहाचा डाग आहे, म्हणून ओळखली.